स्टार्ट बटण दाबा म्हणे!

नेट गेलं की कस्टमर केअरला फोन लावायचा आणि पहिलाच प्रश्न, "सर, विंडोज कुठलं आहे?" लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता, मग "सर, ते आम्ही सपोर्ट करत नाही". अरे बाबा, नको करूस ना, ते माझं मी बघतो, तू फक्त तुझी केबल बघ! मोडेमवरचा ऑनलाइनचा दिवा लुकलुकतोय म्हणजे मोडेमलाच तुमच्याकडून सिग्नल धड मिळत नाहीये, माझा कॉम्प्युटर बंद असला तरी तो तसाच लुकलुकणार. १९२.१६८.१००.१ वर मोडेमचं पान उघडून सिग्नलचे आकडे वाचून दाखवले, मोडेमच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, टी३ टाइमआउटची (मोडेमने हाक मारली पण कंपनीकडून उत्तरच आलं नाही, अशा नोंदींची) रांग लागलीय तेही सांगितलं, तरी ह्यांचं आपलं तेच, "स्टार्ट बटण दाबा, कंट्रोल पॅनल उघडा". कुठून दाबू? आता मी सरळ "हो दाबलं, हो रीस्टार्ट केलं" म्हणत बसतो (रीस्टार्टला लागेल तेवढा वेळ इमानदारीत गप्पही राहतो), तेव्हा कुठे तक्रार नोंदवून घेतात. मग टेक्निशियन येतो, बाहेरचा गंजलेला कनेक्टर बदलतो, दिवा स्थिर. आणि जाता जाता वर सल्ला, "सर, विंडोज टाकून घ्या, मग प्रॉब्लेम नाही येणार". डोंबलाचं विंडोज!