पोरीला मेकॅनिकल घ्यायचंय? घाबरू नका, उपाय आहेत

सीईटीचा निकाल लागला, पोरीला ९६ पर्सेंटाइल, पेढे वाटून झाले, आणि रात्री जेवताना ती म्हणते बाबा मला मेकॅनिकल घ्यायचंय. घास अडकला ना? पाणी प्या. कॅप राउंडला (म्हणजे प्रवेशाच्या फेरीला) अजून वेळ आहे.

आधी मामाला बोलवा. मामा स्वतः इंजिनिअर नसला तर उत्तमच. तो सांगेल की वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हाताला घट्टे पडतात, मुलींनी कसं कॉम्प्युटर घ्यावं, एसीत बसून काम. मेकॅनिकलला धाकट्याला पाठवू, त्याला मशीनची आवड आहे (म्हणजे बाईक पळवतो). घरातला मिक्सर दरवेळी पोरगीच उघडून दुरुस्त करते हे खरंय, पण मिक्सर किचनमध्ये येतो, ते काय इंजिनिअरिंग नव्हे.

फीचं कारण मात्र देऊ नका, ती सोय सरकारने २०२४ पासून घालवली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आयआयटीवाल्यांनी तर २०१८ पासून मुलींसाठी सीटा वाढवल्या. इथे आपण 'मुलांच्या सीटा खाल्ल्या' असं ठोकून द्यायचं, त्या जादाच्या काढलेल्या होत्या हे कोण बघायला जातंय.

ती गूगल करून ए. ललिताचं नाव पुढे करेल, तयारीत राहा. अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात चार महिन्यांची मुलगी, तरी मद्रासच्या गिंडी कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकून १९४३ साली इंजिनिअर झाली, सर्टिफिकेटवर छापलेलं 'He' खोडून 'She' करावं लागलं म्हणतात, आणि पुढे भाक्रा नांगलच्या कामातही होती. तुम्ही शांतपणे म्हणा, तिचं लग्न तरी झालेलं होतं.

एवढं करूनही बधली नाही तर घेऊ द्या मेकॅनिकल. पुढचं कंपन्या बघून घेतील. इंटरव्ह्यूत लेथबद्दल एक प्रश्न आणि लग्न कधी करणार यावर चार, मग शॉप फ्लोअरवर लेडीज टॉयलेट नाही म्हणून तिला ऑफिसात बसवून एक्सेल भरायला लावतील, टॉयलेट बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं ना. नंतर तेच लोक म्हणणार, मुली शॉप फ्लोअरवर टिकत नाहीत हो.

पण तोवर कशाला थांबायचं, कॉलेज आणि ब्रांचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म तुम्हीच भरून टाका. फक्त ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो, तेवढा गोड बोलून घ्या.