बत्तीस बोअरचं दुखणं

आमच्या बेळगावात वस्तू बिघडली म्हणून टाकून द्यायची रीत नाही. पंप असो, कडबाकुट्टी असो, नाहीतर आजोबांच्या काळातला कंदील, उद्यमबागेत कुणाचा ना कुणाचा मेहुणा लेथवर उभा असतोच. "आणा की ओ, बघूया," म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत वस्तू चालू. तिकडं हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात आणि थेट परदेशी जातात. अशा मुलखात एका नखाएवढ्या पट्टीनं माझी वरात काढावी, याला नशीबच म्हणायचं.

पट्टी रिव्हॉल्वरमधली, आणि रिव्हॉल्वर आबांचं. त्यांची रविवार पेठेत गुळाची अडत होती. रोकड घेऊन रात्री खानापूरला परतायचं, म्हणून एका निवृत्त सुभेदाराकडून त्यांनी ते वापरलेलं, पण रीतसर घेतलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, बत्तीस बोअरचं, सहा घरांचं, मधून मोडून उघडणारं. उभ्या आयुष्यात आबांनी त्यातून चोरावर काय, चिमणीवरही गोळी झाडली नाही. खंडेनवमीला झेंडू तेवढा न चुकता वाहिला. परवानाधारकानं सत्तरी गाठली की शस्त्र वारसाच्या नावे करता येतं, अशी 2016 च्या नियमांत सोय आहे. थोरल्यानं शेत घेतलं, धाकट्यानं अडत, आणि मधला म्हणून माझ्या गळ्यात हे पडलं.

परवानाधारक झाल्यावर माणसाची पत वाढते म्हणतात. माझी फक्त धावपळ वाढली. निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करा, निकाल लागला की सोडवून आणा. लग्नात नवरदेवाचा मामा हटकून म्हणणार, "दोन बार काढा की, पाव्हणं!" त्याला सांगावं लागतं की 2019 पासून आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. मामाचा आनंद तेवढा महाग नसतो.

तर खंडेनवमीच्या आधी पुसायला घेतलं तेव्हा दुखणं कळलं. घोडा मागं ओढला की गोळ्यांच्या चक्रानं एक घर पुढं सरकून, 'टक्' करून बसायला हवं. चार घरांवर बसत होतं. उरलेल्या दोन घरांवर घोडा पुरता मागं आला तरी टक् नाही. चक्र केसभर अलीकडं थांबलेलं, बोटानं ढकललं की मग बसायचं.

"तुमच्यावरच गेलंय," बायको म्हणाली. "काम शेवटाला न्यायचं नाही."

शेजारच्या अण्णांनी शिलाई मशीनचं तेल सुचवलं. अण्णा गुडघेदुखीलाही तेच सुचवतात. गल्लीतले निवृत्त हवालदार म्हणाले, "कुणीतरी शिनेमातल्यागत झटका देऊन बंद केलं असणार." आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी बिजागरीवरचं बोट मुकाट्यानं काढून घेतलं.

नेमकं निदान केलं उद्यमबागेतल्या भाच्यानं. "मामा, चक्र ढकलणारी पट्टी, म्हणजे पॉल, झिजलाय. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतोय की, तसलाच. द्या इकडं, जेवणाच्या सुट्टीत करून देतो."

त्याचे हात शिवशिवत होते. त्याला समजावलं, की 1959 च्या शस्त्र कायद्यात विकायला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीच्या धंद्यालाही.

"म्हणजे जरा फाईल मारली तर?"

"तू फाईल मारलीस, की तिकडं तुझी फाईल उघडते."

मग परवानाधारक दुकान. पिशवीत परवाना, परवान्याखाली रुमाल, रुमालात रिकामं रिव्हॉल्वर, आणि शेजारच्या सीटवर "कुंदा घेतलाय काय ओ?" म्हणून पिशवीत डोकावणारी मावशी. दुकानातले मिस्त्री म्हातारे. कन्नड, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारे. मी "रिकामं आहे" म्हटलं ते त्यांनी ऐकलंच नाही. स्वतः उघडून सहाही घरं बघितली, करंगळी घालून चाचपली, मला दाखवली आणि पुन्हा बघितली. हा माणूस एकदम पटला. मग चक्रावर अंगठा अलगद टेकवून घोडा इतका सावकाश ओढला, की मलाच दम लागला. दोन घरांवर टक् नाही.

"हे असंच उडवलं तर घर आणि नळी समोरासमोर येत नाही," ते म्हणाले. "गोळी नळीच्या तोंडाला घासते, शिसं तासलं जातं. ते बाजूनं उडते. डोळा गेला तर मग नाळे बर्री म्हणून चालत नाही."

खरं तर 'नाळे बर्री' हे त्यांचंच कानडी ब्रह्मवाक्य, म्हणजे उद्या या. पट्टी आली काय? नाळे बर्री. पट्टी आली, पण मोठी आहे, घासायची. नाळे बर्री. नवी पट्टी मुद्दाम थोडी लांबच येते म्हणे, कारण प्रत्येक रिव्हॉल्वरची झीज निराळी. बारीक कानस एकदा फिरवायची, पट्टी बसवायची, सहाही घरं तपासायची, पुन्हा काढायची. जास्त घासली तर गेली, परत नवी मागवा. मी स्टुलावर बसून हे बघत राहिलो आणि अडत धाकट्याकडं गेल्याची रुखरुख विसरून गेलो.

शेवटी सहाच्या सहा टक् आले. मिस्त्रींनी वहीत नोंद केली, पावती दिली. पट्टीच्या किमतीपेक्षा माझा बसचा आणि चहाचा खर्च जास्त झाला होता. भाच्याला दाखवावी म्हणून झिजलेली पट्टी मागितली, तर त्यांनी ड्रॉवर लावून घेतला. कायद्याच्या लेखी शस्त्राचा भाग म्हणजेही शस्त्र.

घरी भाचा खिशात व्हर्नियर घेऊन वाट बघत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, कलमासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"ते खरं, मामा. खरं, माप तरी घेऊन यायचं होतं की ओ!"