ताटासकट जेवण

इथिओपियात, अदिस अबाबातल्या हॉटेलात चमचा मिळत नाही म्हटल्यावर मराठी माणूस खुशीत बाह्या सरसावतो. हाताने जेवायचं ना, मग त्यात काय शिकायचंय? बरंच शिकायचं असतं.

सगळ्यांत मिळून एकच परात येते. तिच्यावर इंजेरा पसरलेला आणि इंजेऱ्यावर कालवणांचे ढीग. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून हा करतात. आंबोळीची थोरली बहीण म्हणा, फक्त एकाच बाजूने भाजलेली आणि चांगलीच आंबट. फाडायचा उजव्याच हाताने. डावा मदतीला धावतो, त्याला मांडीखाली दाबून ठेवावं. तुकडा दोन-तीन बोटं रुंद घ्यायचा, त्याने कालवण चिमटीत धरून उचलायचं. तुकडा लहान पडला की बेरबेरे हा तिखट मसाला थेट नखात जातो आणि मग डोळे चोळण्याची सोय राहत नाही. बोटं चाटणं असभ्य. वरण-भातासारखं कालवायला जाल, तर समोरच्याचा घासच थांबतो. आपल्या पुढ्यातलंच खायचं, पलीकडचं अंडं कितीही खुणावत असलं तरी.

हात जरा बसतोय तोवर शेजारी घास करून तुमच्या तोंडाशी आणतो. ही गुर्शा. नको म्हणायचं नाही. घास जितका मोठा तितकं प्रेम जास्त, त्यामुळे जबडा आधीच सैल करून ठेवलेला बरा.

शाकाहाऱ्यांनी बुधवार-शुक्रवार गाठावा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा त्या दिवशी उपवास; मांस, दूध, लोणी, अंडी सगळं बंद. कांदा-लसूण मात्र जोरात! ‘येत्सोम बेयायनेतु’ मागितलं की मसूर, शिरो (डाळीच्या पिठाचं कालवण), कोबी, पालेभाजी असं सगळं एका परातीत येतं. आपल्या साबुदाण्याला लाज वाटावी असा हा उपवास. इतर दिवशी कित्फो मागवण्याआधी विचार करा: ते कच्च्या गोमांसाचं असतं. ‘लेबलेब’ सांगितलं तर जरासं गरम करून देतात, शिजवून नव्हे.

माझ्या मते खरी चव तळाच्या, रश्शात भिजलेल्या इंजेऱ्यात असते. वरचंच खाऊन पोट भरणाऱ्यांची मला कीव येते.

यानंतर निघता येईल असं समजू नका. कॉफीचे हिरवे दाणे तुमच्यासमोर भाजतात, धूर नाकाशी आणतात, कुटतात, जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत, उकळतात. मग अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या. सोबत पॉपकॉर्न. पोटात जागा नाही, ही सबब तिथे कुणी ऐकत नाही.