मेस्त्री कधी येतले?

शहरातल्या माणसाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली की त्याला गावचं घर आठवतं. मलाही आठवलं. कुडाळपासून जरा आत, चिऱ्याचं जोतं आणि मातीच्या भिंती असलेलं आमचं घर कित्येक वर्षं कुलपात होतं. ते दुरुस्त करायचं, पडवीत आरामखुर्ची टाकायची आणि पाऊस बघत बसायचं, असा हवापालटाचा बेत. बायको म्हणाली, "घरात बसून पाऊसच बघायचा असेल तर दुरुस्ती कशाला? आहे तसं ठेवलंत तर माजघरातूनसुद्धा दिसेल."

पण शिडी लावण्याआधी भाऊबंद लावावे लागतात. घर सामाईक. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते, आणि तेही बिचारे वरून ती भरत नाहीत. हिस्सेदार डोंबिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेले. एक म्हणाला, "तू खर्च कर, माझी हरकत नाही." हरकत नसणं हीच त्याची वर्गणी. दुसऱ्याला शंका आली की कौलं बदलून मी हक्क सांगेन. त्याला तसं नाही म्हणून लिहून दिलं. तिसऱ्याने फक्त विचारलं, न्हाणीघर आतून होणार की बाहेरून? त्याच्या पोटात काय होतं ते मला पुढे कळलं.

मग मेस्त्री आले. हातोडीच्या दांड्याने एकेका वाशावर टकटक करत, कान लावत माजघरभर फिरले. एका जागी थांबून त्यांनी वाशात बोट घातलं आणि ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. वाळवीने लाकूड संपवून वरचा रंग तेवढा शिल्लक ठेवला होता. "वासो गेलो," मेस्त्री म्हणाले, कुणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखे. मग बोट धोतराला पुसून म्हणाले, "फाल्या येतंय." फाल्या म्हणजे उद्या.

ती फाल्या काही उजाडेना. ऑक्टोबरात भातकापणी, मग झोडणी, मग दिवाळी. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. आमचे मेस्त्री दशावतारात संकासुर होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्रभर लोकांना हसवलेला माणूस दिवसा वाशावर चढणार कसा? पुढे आंगणेवाडीची जत्रा. तिची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे आधी काही बोलायची सोय नाही. मग शिमगा. मग काजू, आंबे, लग्नं. मृग लागला की सगळं गाव शेतात, आणि भात लावून हात मोकळे होतात तोवर गणपती दारात. दुरुस्तीला मोकळा म्हणता येईल असा दोन सणांमधला एखादा मंगळवार तेवढा उरतो. मी कुरकुर केली तर मेस्त्री शांतपणे म्हणाले, "घर काय पळान जाता?"

आले तेव्हा मात्र काम देखणं केलं. वासे किंजळीचे घातले. भिंतींना सिमेंटचा गिलावा द्यायचा माझा हट्ट त्यांनी मोडून काढला. मातीच्या भिंतीवर सिमेंट चोपलं की आतली ओल आतच कोंडते आणि पापुद्रे सुटतात. पुन्हा मातीचाच हात फिरला. जमीन शेजारच्या काकींनी चोपून, सारवून दिली, आणि "लादी घालशात तर पाय नाय ठेवचंय," असा दमही दिला.

खरा घोळ कौलांनी घातला. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिकडे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाने आपापला साचा केला. आमच्या छपराच्या पाख्यावर निदान तीन कारखान्यांची कौलं निघाली. ती भाऊबंदांसारखी असतात, शेजारी राहतील पण सांध्याला सांधा लागू देणार नाहीत. मग पडक्या घरांतून आमच्या छापाची कौलं हुडकत हिंडलो. कुणाच्याही अंगणात शिरून कौल उलटं करून पाठीवरचा शिक्का वाचायची मला सवय लागली. एका लग्नातही हे केलं. बायको ते अजून विसरलेली नाही.

आणि हवापालट? तो पेजेने केला. दहा वाजता काम थांबतं, उकड्या तांदळाची पेज येते. सुरुवातीला मी घड्याळ बघत येरझारा घालायचो. मग एकदा काकींनी माझ्याही पुढे वाडगा ठेवला. गरम पेज, खोबऱ्याचा तुकडा आणि भाजलेला सुका बांगडा. बांगडा हाताने मोडताना त्याचा धूर नाकात जातो, आणि ठाण्याच्या ऑफिसातली ईमेलं कुठल्या जन्मातली वाटू लागतात. तशी ती येतही नाहीत. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर मिळते, आणि तिथे उभं राहिलं की काकी ओरडतात. रात्री साडेआठला डोळे मिटतात. मार्चअखेरीला ऑफिसातून विचारणा झाली, ताळेबंद कधी देणार? मी कठड्यावरून म्हणालो, "शिमगा होऊन जाऊ दे."

गणपतीच्या खोलीचं पाखं अजून बाकी आहे. परवा तिसऱ्या हिस्सेदाराचा फोन आला. घर झकास झाल्याचं त्याने ऐकलंय, न्हाणीघर आतून झाल्याचंही. मे महिन्यात मुलाबाळांसह सगळेच येतो म्हणाला, थोडा निवांतपणा हवाय. मी मोठ्या खुशीने म्हटलं, "या की! महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या." मृगाआधी कौलं परतायला मेस्त्री तेव्हाच शिडी लावणार आहेत, आणि खाली कौलं झेलायला माणसं कमी पडतायत.