प्रमुख बंदर म्हणजे कुणाचे बंदर?

उरणच्या नाक्यावर ज्या कट्ट्यावर आम्ही चौघे संध्याकाळी बसतो, तो रस्त्याला इतका लागून आहे की ट्रेलर गेला की बोलणे अर्ध्यावर तोडावे लागते. परवा वाद निघाला तो पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदरावरून. आमच्यातला एक मित्र कंटेनरची सीमाशुल्काची कागदपत्रे करतो. त्याने विचारले, "मुंद्र्याएवढा माल देशात दुसरीकडे कुठे उतरत नाही, मग ते प्रमुख बंदरांच्या यादीत कसे नाही?"

मुंबईच्या गोदीत हयात घालवलेले नाना हसले. "अरे, प्रमुख हा शब्द आकाराचा नाही, मालकीचा आहे. ज्याचा कारभार दिल्लीकडे ते प्रमुख, बाकीची राज्यांकडे. मुंद्रा येते गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे, म्हणजे त्या राज्याच्या बंदर मंडळाकडे, म्हणून कायद्याच्या लेखी ते लहान बंदर."

गुजरातने हे बोर्ड १९८२ सालीच स्थापले आणि खासगी भांडवलाला वाट करून दिली. महाराष्ट्राचे बोर्ड आले १९९६ मध्ये. ही चौदा वर्षे आपल्याला महागात पडली, असे माझे मत आहे. नानांना ते मान्य नाही. त्यांच्या मते मुंबईचे खरे दुखणे गाळाचे आणि खोलीचे होते. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टची गोदी शहराने तिन्ही बाजूंनी वेढली, तेव्हाच तिची वाढ खुंटली होती, आणि म्हणूनच १९८९ मध्ये इथे उरणजवळ न्हावा-शेवा बंदर उभे राहिले.

"पण न्हावा-शेव्याचेही नशीब उघडले ते खासगी टर्मिनल आल्यावरच, नाना," कागदपत्रेवाला म्हणाला. तसे पाहिले तर तो चुकत नव्हता. १९९९ मध्ये येथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली: जमीन, जलमार्ग आणि गाळ काढण्याची जबाबदारी बंदर प्राधिकरणाची, क्रेन, यार्ड आणि माल हाताळणी कंपनीची, प्राधिकरणाला त्याबद्दल स्वामित्वशुल्क किंवा उत्पन्नातला वाटा. २०२२ मध्ये प्राधिकरणाने स्वतःचे उरलेले टर्मिनलही भाडेपट्ट्याने दिले, तेव्हापासून ते निव्वळ जमीनदार आहे.

हा शब्द ऐकताच इतका वेळ गप्प बसलेला होडीवाला मित्र उसळला. "जमीनदार म्हणता, पण ती जमीन आली कुठून?" जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावरचा १९८४ सालचा गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे या भागात कुणाला सांगावे लागत नाहीत, जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्याच लढ्यातून मिळाला. वाढवणचीही तीच गत होणार, असे त्याचे म्हणणे. त्या बंदराला १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी, आपल्याच न्हावा-शेव्याच्या बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के, राज्याच्या मेरिटाइम बोर्डाचा २६. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागतील एवढी तिथली नैसर्गिक खोली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते आणि मी तसे बोललोही. त्यावर तो म्हणाला, "खोली आहे म्हणूनच तिथे मासळी आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग बंदराचे निर्णय घेते कोण, यावर गाडी आली. प्रमुख बंदरांच्या २०२१ च्या कायद्याने विश्वस्त मंडळे जाऊन आटोपशीर मंडळे आली, दर ठरवणारे केंद्रीय प्राधिकरण गेले आणि दरांचा अधिकार त्या मंडळांकडे आला. नाना बोटांवर मोजू लागले: अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्याचा एक, रेल्वेचा एक, संरक्षण खात्याचा एक, सीमाशुल्काचा एक, केंद्राने नेमलेला एक, दोन ते चार स्वतंत्र सदस्य, कामगारांच्या बाजूने दोन.

"आणि कोळ्यांचा?" होडीवाल्याने विचारले.

"नाही," नाना म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "आमच्या ट्रस्टमध्येही मी कधी पाहिला नाही."