‘शेवटी देव एकच’ म्हणण्याआधी

गेल्या रविवारी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत एका आजोबांची शोकसभा झाली. शेवटी बोलायला उठलेले गृहस्थ म्हणाले, "नावं वेगळी, वाटा वेगळ्या, पण देव एकच." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. वर जाताना लिफ्टमध्ये शेजारच्या बा (कच्छी जैन आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या, सगळी बिल्डिंग त्यांना बाच म्हणते) हळूच म्हणाल्या, "बेटा, आमच्यात तर जग बनवणारा कोणी नाहीच."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पण मला ते लागलं. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे, इतकी वर्षं वाट्या-डब्यांची देवाणघेवाण आहे, पर्युषणात त्यांचे उपास मी मोजलेत. आणि हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. बांनी सांगितलं ते असं: जगाला सुरुवात नाही, म्हणून ते करणाराही नाही. कर्माचं फळ कर्मच देतं, मध्ये न्यायाधीश नाही. तीर्थंकर कुणावर रागावत नाहीत, कुणाला पावत नाहीत. नवकार मंत्रात तर एकाही व्यक्तीचं नाव नाही, नमस्कार आहे तो अरिहंतांना, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना आणि सगळ्या साधूंना. मी विचारलं, "मग रोज सकाळी टेंभी नाक्याला देरासरात (जैन मंदिरात) कशाला जाता?" म्हणाल्या, "मागायला नाही जात. तसं व्हायचंय, म्हणून बघायला जाते." मी लहानपणापासून कोपिनेश्वराला जाते आणि दर वेळी काहीतरी मागूनच परत येते. मी ज्याच्यापुढे हात जोडते आणि बा ज्यांच्यापुढे जोडतात, त्यांना ‘एकच’ कसं म्हणायचं?

त्याच टेंभी नाक्याला ज्यूंचं सिनेगॉग आहे, 1879 सालचं. शाळेत माझी एक मैत्रीण बेने इस्रायली होती. आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी ‘कर’, घरात आमच्यासारखीच मराठी. मलिदा असला की डबा आणायची. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. प्रसादासारखी ती चव घेऊन मी ठरवून टाकलं होतं की यांचा देव आपल्यासारखाच असणार. आठवीत एकदा विचारलं, "तुमच्या देवाचं नाव काय गं?" ती म्हणाली, "लिहिलेलं आहे, पण आम्ही ते उच्चारत नाही." धर्मग्रंथात त्या नावाची चार अक्षरं आली की वाचताना ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ म्हणायचं. एरवी बोलताना ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, नाम घेतल्याशिवाय जेवायची नाही. एका घरात नाम घेणं ही भक्ती, दुसऱ्या घरात न घेणं ही भक्ती. दोन्हींना वरवर ‘सारखंच आहे’ म्हटलं तर आजीचंही ऐकलं नाही आणि मैत्रिणीचंही नाही.

खरी धार लागते ती इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म शेजारी ठेवल्यावर. दोघंही म्हणतात देव एक. पण कुराणातल्या सूरह इख्लासमध्ये, अवघ्या चार आयतींत, ठाम सांगितलंय की त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही. आणि इ. स. 325 मध्ये निकिया इथे जमलेल्या बिशपांनी जी श्रद्धा नक्की केली ती नेमकी उलट: पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, आणि त्याचं तत्त्व पित्याचंच आहे. हा शब्दांचा घोळ नाही. एक जण जे नाकारतो त्यावरच दुसऱ्याची श्रद्धा उभी आहे. आपलीच भाषा घ्या ना. गोव्यात आलेले इंग्रज धर्मप्रचारक फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापलं, त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय. शब्द आपला, पण त्या वैकुंठातला बाप वारकऱ्याचा विठोबा नाही, आणि फादरना ते पुरेपूर ठाऊक होतं.

बौद्ध मित्रांना तर ‘देव एकच’ म्हणणं मला आता अन्यायच वाटतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांची सुरुवातच जुने देव न मानण्यापासून होते. ज्यांनी विचार करून एक दार बंद केलं, त्यांना आपण प्रेमाने पुन्हा त्याच दारातून आत ओढतो.

आणि आपल्यात तरी एकमत कुठे आहे? शंकराचार्यांसाठी जीव आणि ब्रह्म वेगळे नाहीतच, मध्वाचार्यांसाठी ते कायमचे वेगळे, आणि सांख्यांचं जुनं तत्त्वज्ञान ईश्वराशिवायच उभं राहतं. ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’ असं ज्ञानोबांनी त्या गोविंदालाच विचारलं. ‘एकु गोविंदु’ हे त्यांचं उत्तरही आहे, पण ते प्रश्नातून गेल्यावर आलेलं. आपण प्रश्न गाळून थेट उत्तरावर बसतो.

भांडणं नकोत म्हणून आपण तसं बोलतो, हे मला कळतं. ज्या शहरात तलावपाळीच्या आसपास देऊळ, चर्च, देरासर, सिनेगॉग सगळं पायी फिरून होतं, तिथे ते वाक्य मायेनेच येतं. पण मला बांशी भांडायचं नाही म्हणून बांचं म्हणणं पुसून टाकायची गरज नाही. त्या दिवशी दोन तास बसले, दोनदा चहा झाला, मतं तशीच राहिली आणि बा मला पूर्वीपेक्षा जवळच्या वाटल्या.

पुढच्या महिन्यात सोसायटीची पूजा आहे. आभाराचे चार शब्द दरवर्षी मीच बोलते आणि ‘शेवटी देव एकच’ हे माझंही ठरलेलं वाक्य होतं. यंदा ते म्हणणार नाही. बा पहिल्या रांगेत बसतात.