डिस्क नंतर, आधी ट्यूनर बघा
टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा बॉक्स (डीव्हीआर) कसा निवडावा यावरच्या या लेखात सगळा भर हार्डडिस्क किती टीबीची यावर दिलाय, पण माझ्या मते पहिला प्रश्न ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारे भाग, किती हा असायला हवा. एकच ट्यूनर असेल तर एक चॅनेल रेकॉर्डिंगला लावलं की बहुतेक वेळा दुसरं बघता येत नाही, मग घरात रिमोटवरून भांडणं ठरलेलीच, म्हणून कमीत कमी दोन तरी हवेतच. आणि तुमच्याकडे प्रसारण कुठल्या स्टँडर्डचं आहे ते आधी बघा, नुसता डीव्हीबी-टी (अँटेनावरच्या डिजिटल टीव्हीचं जुनं स्टँडर्ड) वाला बॉक्स डीव्हीबी-टी२ (त्याचं पुढचं स्टँडर्ड) चे चॅनेल पकडतच नाही. डिस्कचं म्हणाल तर एमपेग-२ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक जुनी पद्धत) मधलं एचडी तासाला साधारण ६ ते ८ जीबी खातं, म्हणजे १ टीबीत शंभरेक तास आरामात बसतात.
अजून एक, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही: काही बॉक्स रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट करून, म्हणजे फक्त त्याच बॉक्सला वाचता येईल असं कुलूपबंद करून ठेवतात, बॉक्स बिघडला की ती डिस्क कॉम्प्युटरला लावूनही काही उघडत नाही, सगळं जपून ठेवलेलं गेलं. त्यापेक्षा साधी टीएस फाईल (प्रसारण जसं येतं तसं साठवलेला, कुलूप नसलेला व्हिडिओ) देणारा नेटवर्क ट्यूनर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून कॉम्प्युटरला चॅनेल पुरवणारा ट्यूनर घ्या, ती फाईल व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेयरमध्ये सरळ चालते. आणि प्रोग्रॅम गाईडला (कुठल्या चॅनेलवर कधी काय आहे त्या यादीला) दरमहा पैसे लागतात का हे घेण्याआधीच विचारा प्लीज.